बारा व्होल्टांचा संसार

मंडळी, पत्रिकेवर ‘साधेपणाची व्याख्या’ असा विषय छापलेला आहे आणि त्याकडे मी येणारच आहे. परंतु त्याआधी मला एका फ्रिजविषयी बोलू द्यावे, कारण कॅम्परव्हॅनमध्ये राहणारा माणूस व्याख्यांपेक्षा फ्रिजचेच चिंतन अधिक करतो.

व्हॅनमध्ये राहायला जाऊन मला जेमतेम आठवडा झाला होता. छतावर सौर पॅनेल होते, आसनाखाली १२ व्होल्टांची, १०० अँपिअर-तासांची शिसे-आम्ल बॅटरी होती, आणि १,२०० वॅट-तास वीज हाती असल्याचे विक्रेत्याचे आश्वासन होते. त्याचा गुणाकार बरोबर होता. मात्र अशी बॅटरी वारंवार निम्म्याखाली उतरवली तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते, म्हणून खर्चायला ६००च उरतात, हे त्याने बहुधा विक्रीनंतरच्या सेवेसाठी राखून ठेवले असावे. (हशा)

उकाडा फार होता, म्हणून भर दुपारी एका डेरेदार झाडाखाली गाडी लावून मी निवांत पहुडलो. जी सावली मला मिळाली, तीच पॅनेललाही मिळाली, हे काही ध्यानात आले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या सुमारास फ्रिज बंद पडला. मला ते दुपारी कळले, आणि तेही दुधाने कळवले. मी फ्रिजला यथेच्छ दोष दिला. पुढे मीटर लावून पाहिले, तेव्हा फ्रिज दिवसाला सुमारे ४०० वॅट-तास घेत होता आणि त्यावर आणखी ३६० वॅट-तास इन्व्हर्टर खात होता, ज्याला काहीही जोडलेले नव्हते, पण जो चालू राहिला होता. रिकामा बसूनही तो ताशी १५ वॅट-तास घेई. कार्यालयांत आयुष्य काढलेल्या श्रोत्यांना याचे अधिक स्पष्टीकरण लागू नये.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा व्याख्येकडे वळतो. साधेपणा हा स्वभावगुण आहे असे आपण मानतो. माझ्या मते ती मोजण्याची सवय आहे, आणि घरात ती लागत नाही, कारण तेथे खर्च भिंतीआड होतो. एक लिटर पाणी २० अंशांवरून उकळायला किमान ९३ वॅट-तास लागतात, म्हणजे माझ्या वापरण्याजोग्या विजेचा सहावा-सातवा हिस्सा. त्याऐवजी गॅस पेटवावा, तर एक किलो गॅस जळताना दीड किलोहून अधिक पाण्याची वाफ होते आणि ती रात्री पत्र्यावरून अंथरुणावर ठिबकते. शिवाय कार्बन मोनॉक्साइडच्या भीतीने खिडकी उघडी ठेवावी लागते ती वेगळीच. तरीही मी स्वावलंबी झालो, असे म्हणणार नाही. इंधन, रस्ता आणि टाकी भरण्याचा नळ हे सारे इतरांचेच आहे.

दुसरीही चिठ्ठी आली. लिथियमविषयी विचारणाऱ्या गृहस्थांसाठी एवढेच सांगतो, की लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीतील ८० टक्के वीज सहज वापरता येते, परंतु तापमान शून्य अंशाखाली असताना ती चार्ज करू नये. गाडी मात्र कोणत्याही बॅटरीसह उन्हातच लावावी, आणि झोपायला आपण झाडाखाली जावे.