चव, माती आणि साल

श्रोतेहो, नमस्कार.

ज्याचा धंदाच वाइन चाखण्याचा, तो माणूस ती गिळत नाही, थुंकतो. त्याच्या बाजूला त्यासाठी एक भांडं ठेवलेलं असतं. एका बैठकीत तीस-चाळीस वाइन चाखायच्या, त्या सगळ्या पोटात गेल्या तर दहाव्या पेल्यापासून पुढं प्रत्येकच झकास लागणार. वाइनमध्ये साधारण १२ ते १४ टक्के मद्यार्क असतो. म्हणजे ती दारूच, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

हे आधीच सांगून टाकतो, कारण आपल्या विदर्भात वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून दारूबंदी आहे, आणि गडचिरोलीत १९९३ पासून. गडचिरोलीची बंदी तर लोकांनी, त्यातही बायाबापड्यांनी, चळवळ करून मिळवलेली. दारूनं घर कसं बसतं हे कुणाला रेडिओवरून ऐकवायची गरज नाही. तेव्हा ‘प्या’ असं सांगायला मी बसलेलो नाही. जीभ, नाक आणि जमीन या तिघांबद्दल बोलायचं आहे.

मी संत्र्यावाला माणूस. वरूड तालुक्यात बाग आहे. माझा भाचा नाशिककडे, दिंडोरीच्या बाजूला एका वायनरीत कामाला आहे. फेब्रुवारीत, द्राक्षाची तोडणी चालू असताना त्याच्याकडे गेलो, तेव्हा त्यानं मला पेल्यासमोर बसवलं. पहिला घोट तोंडात फिरवला अन् तो म्हणाला, “मामाजी, आता थुका.” मी म्हटलं, “एवढी महागाची वस्तू, अन् थुकून द्याची? काहून बाप्पा?” पण थुंकल्यावर जी चव तोंडात उरली, तिनं मला विचारात पाडलं.

चाखायची रीत अशी. पेला बुडाशी फुगीर, तोंडाशी निमुळता. वास आत कोंडून राहावा म्हणून. एक तृतीयांशच भरायचा, आणि दांडीला धरायचा, म्हणजे तळव्याच्या उबेनं वाइन तापत नाही. मागं पांढरा कागद धरून रंग बघायचा. पांढरी वाइन वय वाढेल तशी गडद होत जाते, गवती पिवळ्यावरून सोनेरी आणि मग तांबूस. लाल वाइनचं उलट. ती जांभळी सुरू होते आणि वर्षं सरता सरता फिकट, विटेच्या रंगाची होते. तेवढ्यावरून जाणकार वयाचा अंदाज बांधतो.

मग नाक. आधी पेला स्थिर ठेवून वास घ्यायचा, नंतर गोल फिरवून पुन्हा. फिरवल्यावर वासाचे घटक उडून वर येतात आणि तोच पेला वेगळाच बोलू लागतो. खरं तर चव म्हणून आपण जे सांगतो, त्यातलं बहुतेक काम नाकाचंच. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि पाचवी ती रश्शाची खमंग चव, एवढंच कळतं. बाकी सगळं घशामागून नाकात चढतं. सर्दी झालेली असताना ठेचा खाऊन बघा. तिखट लागेल, पण लसूण सापडणार नाही.

त्यानंतर घोट. तो तोंडभर फिरवायचा, ओठांतून थोडी हवा आत ओढायची. जबड्याच्या कडेनं लाळ सुटली की आंबटपणा चांगला आहे असं समजायचं. हिरड्या कोरड्या पडल्या, तोंड आवळलं, की तो टॅनिनचा तुरटपणा. तो द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून येतो. लाल वाइन सालींसकट आंबवतात, म्हणून तिच्यात तो असतो. पांढरीसाठी रस आधीच पिळून वेगळा काढतात. त्यामुळेच काळ्या द्राक्षापासूनही पांढरी वाइन होते. फ्रान्समधल्या शॅम्पेनमध्ये काळं पिनो न्वार द्राक्ष सर्रास असतं. शेवटी थुंकायचं आणि गप्प बसायचं. चव किती वेळ रेंगाळते, रेंगाळताना बदलते का, ते बघायचं. मला विचाराल तर सगळी परीक्षा इथंच होते. साधी वाइन थुंकल्याबरोबर संपते.

आता लोक हसतात ते पुढच्या गोष्टीला. चाखणारे म्हणतात, हिला ढोबळ्या मिरचीचा वास आहे, हिला काळ्या मिरीचा, हिला व्हॅनिलाचा. मलाही हे शहरी लोकांचं थोतांड वाटायचं. पण भाच्यानं समजावलं, त्यात रसायन आहे. सोव्हिन्यों ब्लाँक या द्राक्षात पायराझिन गटाची जी संयुगं असतात, तीच ढोबळ्या मिरचीतही असतात. शिराझ या द्राक्षाला मिरीचा वास येतो, कारण रोटंडोन नावाचा एकच घटक दोन्हींत आहे. व्हॅनिलाचा वास ओकच्या लाकडी पिंपातून उतरतो. आणि ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बुचातून दोष शिरलेला असतो. मग ती बाटली कितीही किमतीची असो, बाजूला ठेवायची.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या प्राध्यापिका ॲन नोबल यांनी १९८४ मध्ये या वासांचं एक चक्र छापलं. त्यात ‘छान’, ‘भारदस्त’, ‘उच्च’ असले शब्द घेतले नाहीत. लिंबू, लोणी, मिरी, ओला पुठ्ठा, असे स्वयंपाकघरात आणि अंगणात सापडणारे वासच त्यात आहेत. मला हे फार पटलं. ‘छान’ म्हटलं की बोलणं संपतं. ‘लिंबाच्या पानासारखं’ म्हटलं की समोरचा पुन्हा एकदा वास घेऊन बघतो.

जमिनीकडे येऊ. आपल्याकडे बरड जमीन म्हटलं की पोरीचा बापही नाक मुरडतो. काळी, भारी, खोल जमीन ती खरी जमीन. वाइनवाल्यांचं गणित याच्या उलट चालतं. फ्रान्सच्या बोर्डो भागात जिरोंद नदीच्या डाव्या काठाला मेदोक नावाचा पट्टा आहे. तिथली नामांकित शेतं चक्क गोट्यांची आहेत. पाणी झरझर निचरून जातं, दगड दिवसभर तापतात आणि उशिरा पिकणारं काबर्ने सोव्हिन्यों द्राक्ष त्या उबेवर तयार होतं. जर्मनीत मोझेल नदीच्या काठी तर पाटीच्या दगडाचे उभे कडे आहेत, माणसाला नीट उभंही राहता येत नाही असे, आणि त्यावर रीसलिंगची वेल. भारी जमिनीत वेल पानावर माजते, फळ पाणचट होतं. बेताचं पाणी, बेताचं खत, थोडी फळं, म्हणजे रस दाट.

बुर्गुंडीत, म्हणजे फ्रान्सच्याच पूर्वेला, हे वेड टोकाला गेलं आहे. रोमाने-काँती हे जगातल्या सगळ्यात महागड्या वाइनपैकी एकीचं शेत. त्याचा आकार किती? जेमतेम १.८ हेक्टर, म्हणजे साडेचार एकर. आपल्याकडे एवढ्या शेतीवाल्याला अल्पभूधारक म्हणतात! जवळच क्लो द वूजो म्हणून भिंत घातलेलं एक शेत आहे, पन्नासेक हेक्टरचं. त्याचे मालक ऐंशीच्या आसपास. कुणाच्या वाट्याला वेलींच्या दोन-चार ओळी, कुणाला जरा बरा तुकडा. उताराच्या वरच्या अंगाचा माल सरस की खालच्या अंगाचा, यावर तिथं पिढ्यान्‌पिढ्या वाद चालतो. वाटणीच्या धुऱ्यावरून वाद आपणही घालतो, पण अलीकडच्या आणि पलीकडच्या संत्र्याची चव वेगळी म्हणून कधी कुणी भांडल्याचं मला तरी आठवत नाही.

एक गोष्ट मात्र संत्र्यावाल्यांना ऐकताक्षणी घरची वाटेल. १८६० नंतरच्या काळात फायलोक्सेरा नावाची बारीक कीड अमेरिकेतून फ्रान्समध्ये शिरली. मुळं खाऊन तिनं मैलोनमैल बागा वाळवल्या. फवारण्या, पाणी, सगळं करून झालं. तोड निघाली ती कलमात. अमेरिकन वेलीच्या मुळांना ती कीड फारशी बाधत नाही, म्हणून खाली अमेरिकन खुंट आणि वर फ्रेंच डोळा. आज युरोपातल्या बहुतेक वेली अशाच उभ्या आहेत. जंभेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधणाऱ्या माणसाला यापेक्षा जास्त काय सांगायचं?

आणि मग साल, म्हणजे वर्ष. बाटलीवर जे वर्ष छापतात ते तोडणीचं. ज्या वर्षी वसंतात पाला फुटताना थंडीचा कडाका पडला, त्या वर्षी फळच कमी. २०२१ च्या एप्रिलमध्ये फ्रान्समध्ये तसं झालं, आणि शेतकऱ्यांनी रात्रभर बागांत शेकोट्या पेटवल्या. तोडणीच्या तोंडावर पाऊस आला तर मणी पाणी पितात आणि रस पातळ होतो. बोर्डोमध्ये १९६१ ला फळ थोडं आलं, पण त्या सालचं नाव अजून आदरानं घेतात. १९८२ चं नावही तसंच घेतात. पोर्तुगालच्या पोर्ट वाइनचे उत्पादक तर दर वर्षी सालाचं नावच लावत नाहीत. साल खरंच तोलाचं वाटलं तरच जाहीर करतात. शॅम्पेनवाले बहुतेक वेळा निरनिराळ्या वर्षांचा माल एकमेकांत मिसळतात, म्हणजे चव सारखी राहते आणि वाईट सालाचा फटका वाटून जातो. शेतकऱ्याच्या दृष्टीनं मला ही युक्ती जास्त शहाणपणाची वाटते.

आपल्या नाशिककडे वेलीला वर्षातून दोनदा कात्री लागते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, पावसाळ्याच्या अखेरीस फळछाटणी. तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये येते, कोरड्या हवेत, रात्री थंड असताना. अवकाळीनं गाठलं नाही तर माल चांगला साधतो.

इथं एक गैरसमज काढून टाकतो. वाइन जितकी जुनी तितकी भारी, हे खरं नाही. जगात बनणारी बहुतेक वाइन दोन-चार वर्षांतच संपवायची असते. वीस-तीस वर्षं टिकणारी फार थोडी. जिच्यात टॅनिन, आंबटपणा किंवा साखर भरपूर, तीच वय सोसते. बाकीची नुसती शिळी होते.

नावाचं आणि किमतीचं प्रकरण याहून मजेशीर आहे. १८५५ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनासाठी बोर्डोच्या दलालांनी तिथल्या लाल वाइनची पाच वर्गांत प्रतवारी केली. कशावरून? बाजारात मिळणाऱ्या भावावरून. ती यादी आजही चालते. दुसऱ्या वर्गातून पहिल्यात बढती मिळाली ती मूतों रोथशील्ड या एकट्या वायनरीला, १९७३ मध्ये. नाव एकदा वर चढलं की कसं चिकटून बसतं बघा. मग १९७६ च्या २४ मे रोजी स्टीव्हन स्परियर नावाच्या इंग्रज व्यापाऱ्यानं पॅरिसमध्ये एक गंमत केली. फ्रेंच परीक्षक बसवले, बाटल्या झाकल्या, आणि फ्रान्सच्या नामांकित वाइनबरोबर कॅलिफोर्नियाच्या वाइन ठेवल्या. लालमध्येही आणि पांढऱ्यातही पहिला नंबर कॅलिफोर्नियाचा आला.

पुढं २००१ मध्ये बोर्डो विद्यापीठात फ्रेडरिक ब्रोशे यांनी वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांसमोर पांढरी वाइन ठेवली, तीच लाल रंग घालूनही ठेवली. रंग घातलेल्या पेल्याचं वर्णन करताना पोरांनी लाल वाइनचे शब्द वापरले. डोळ्यांनी नाकाला गुंडाळलं. यावरून कुणी म्हणतं की चाखणं हे सगळं सोंग आहे. मला तसं वाटत नाही. तराजूला दांडी मारता येते म्हणून वजन खोटं ठरत नाही. डोळे झाकून चाखावं, एवढंच यातून घ्यायचं.

आपल्या संत्र्याचं काय होतं ते सांगतो. व्यापारी बागेत येतो, फळाचा आकार बघतो, रंग बघतो, साल चांगली आहे का बघतो, आणि सौदा उक्ता करून जातो. फोड मोडून तोंडात टाकणारा फार क्वचित. आंबिया बहाराचं, म्हणजे हिवाळ्याअखेरच्या फुलोऱ्याचं फळ आणि मृगाचं, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडच्या फुलोऱ्याचं फळ, दोन्ही एकाच झाडाची. पण एक पावसात वाढलेलं, दुसरं हिवाळ्यात पिकलेलं. चवीला फरक आहे हे गावातलं शेंबडं पोर सांगेल. क्रेटवर मात्र गाव नाही, बहार नाही, वर्ष नाही. नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन २०१४ मध्ये मिळालं, पण ते अख्ख्या मुलखाला. वरूडच्या बरडावरचं आणि काटोलच्या भारी जमिनीतलं यांत काय वेगळं, हे लिहून ठेवलेलं निदान माझ्या पाहण्यात नाही. रोमाने-काँतीच्या त्या साडेचार एकरांची किंमत नुसती रसात नाही. कुणीतरी शेकडो वर्षं दर साली चाखत गेलं आणि लिहीत गेलं, ते तिथल्या भावात मोजलं जातं.

तेव्हा एक काम सांगतो, त्याला दारूचा थेंब लागत नाही. तीन-चार बागांतली सारख्या पिकलेली संत्री आणा. सोलून ताटल्यांत ठेवा, ताटलीखाली नंबरची चिठ्ठी. चाखणाऱ्याच्या डोळ्यांवर दुपट्टा बांधा. दोन फोडींच्या मध्ये मुरमुरे आणि पाणी. वासासाठी सालीला नखानं ओरखडा काढून बघा. आमच्या घरी असं केलं तेव्हा सौभाग्यवतींनी पहिला नंबर शेजारच्या बागेला दिला, आणि कारणही सांगितलं, की याचा आंबटपणा मागून येतो आणि तोंडात टिकतो. शेजाऱ्याची बाग बरडावर आहे. तिची फळं बारीक, म्हणून त्याला भाव आमच्यापेक्षा कमी पडतो.

वहीत तारीख, गाव, जमीन, बहार, खुंट आणि शेवटचं पाणी कधी दिलं ते लिहा. पुढं चव. ‘गोड’ एवढंच लिहायचं नाही. गोड कसं, उसासारखं की पिकल्या बोरासारखं, आणि किती वेळ. आंबिया सध्या बाजारात आहेच. मृगाचं फळ फेब्रुवारीत येईल, तेव्हा तेच पान उघडून त्याच्या शेजारी लिहा. नमस्कार.