गोळी आणि उरलेला दिवस

(दृश्य: मनोरुग्णालयाचं उघडं दार. पिशवी घेऊन बाहेर पडणारा एक माणूस, पाठमोरा.)

1952 साली क्लोरप्रोमाझिन हे औषध मनोरुग्णांना देऊन पाहिलं गेलं. पुढच्या काही वर्षांत मनोरुग्णालयांची दारं उघडू लागली. वर्षानुवर्षं आत काढलेली माणसं घरी निघाली. त्यांतली कितीतरी काही महिन्यांतच परत आली.

लंडनमध्ये जॉर्ज ब्राऊन हे समाजशास्त्रज्ञ या परतणाऱ्यांचा माग काढत होते. त्यांना जे दिसलं, ते आजही ऐकताना चटका लावतं. आईवडिलांकडे किंवा बायकोकडे गेलेले पुरुष जास्त परतत होते. भावाबहिणीकडे किंवा भाड्याच्या खोलीत राहायला गेलेले कमी.

मायेच्या माणसांत राहून आजार उलटावा, हे कसं?

(दृश्य: टेबल, दोन खुर्च्या, फिरणारं टेपरेकॉर्डरचं चाक.)

ब्राऊन आणि त्यांचे सहकारी घरच्यांशी तासन् तास बोलले. शब्दांइतकंच लक्ष त्यांनी आवाजाकडे दिलं. टोचून बोलणं किती, राग किती, क्षणभरही एकटं न सोडणारी काळजी किती, याची नोंद ठेवली. 1972 मध्ये त्यांनी आकडे मांडले. रुग्ण स्किझोफ्रेनियाचे, म्हणजे भास आणि भ्रम होणाऱ्या आजाराचे होते. तणावाच्या घरांत गेलेल्यांपैकी 58 टक्के जणांच्या आजारानं 9 महिन्यांत पुन्हा उचल खाल्ली. शांत घरांत 16 टक्के. नंतरच्या अभ्यासांत, औषध घेत असलेल्या रुग्णांमध्येही घराघरांतला हा फरक दिसत राहिला. आणि सर्वांत वाईट हाल झाले ते तणावाच्या घरात राहून औषधही न घेणाऱ्यांचे.

इथे थांबून एक गोष्ट सांगायलाच हवी. या घरच्यांनी आजार निर्माण केला नव्हता. ती दमलेली, घाबरलेली माणसं होती. आजारामुळे उत्साह आटलेला मुलगा त्यांना आळशी वाटायचा. "उठ की आता, किती लोळशील!" यात दुष्टपणा नसतो. पण ऐकणाऱ्याच्या छातीत प्रत्येक वेळी धडधड वाढते.

(दृश्य: पाण्याचा पेला, तळहातावर एक गोळी.)

ताण आला की मेंदूकडून निरोप जातो, मूत्रपिंडांवरच्या छोट्या ग्रंथी कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक सोडतात, शरीर धावायला तयार होतं. थोड्या वेळासाठी हे उपयोगाचंच आहे. रोज, दिवसभर असंच चालू राहिलं, की झोप आणि मन दोन्ही विस्कटतात. औषध एका बाजूनं सावरत असतं, ताण दुसऱ्या बाजूनं ओढत असतो. नैराश्यावरच्या गोळ्यांना गुण दाखवायला 2 ते 6 आठवडे लागू शकतात. हे आठवडे फार अवघड असतात. अनेक जण "काही फरक नाही" म्हणून याच दिवसांत गोळ्या सोडतात.

ताण औषधाच्या वाटेत आणखी कसकसा आडवा येतो, ते डॉक्टरांच्या खोलीत बऱ्याचदा बोललंच जात नाही.

सिगारेट घ्या. बेचैनी वाढली की सिगारेटी वाढतात. त्या धुरातल्या घटकांमुळे यकृतातलं औषधं मोडणारं एक एन्झाइम जोरात काम करू लागतं, आणि क्लोझापिन, ओलान्झापिन यांसारखी भास-भ्रमांवरची औषधं शरीरातून लवकर निघून जातात. गोळी तेवढीच, पण रक्तातलं प्रमाण उतरलेलं. उलट सिगारेट एकदम सोडली तर तेच प्रमाण चढू शकतं. सोडावी जरूर, पण डॉक्टरांना आधी सांगून, म्हणजे ते डोस बघतील.

किंवा डोकेदुखी. ताणानं डोकं ठणकतं, माणूस आयब्युप्रोफेन घेतो. तो लिथियमवर, म्हणजे मनाचे टोकाचे चढउतार सावरणाऱ्या औषधावर असेल, तर लिथियम रक्तात साचू शकतं: हात थरथरतात, उलट्या होतात, तोल जातो. साध्या वेदनाशामक गोळीबद्दल विचारायचं कुणाला सुचतं?

आणि झोप. बायपोलर आजारात, म्हणजे मन कधी उन्मादात तर कधी नैराश्यात जातं त्या आजारात, दोन-तीन रात्रींचं जागरणसुद्धा उन्मादाची सुरुवात करून देऊ शकतं. म्हणून झोपण्या-उठण्याची वेळ ठरलेली असणं हा तिथे उपचाराचाच भाग आहे. हीच ठरलेली वेळ गोळीची आठवणही देते. धावपळीत डोस चुकतात ते बेफिकिरीनं कमी, दिवसाची घडी मोडल्यानं जास्त.

(दृश्य: पहाट. एकटा चालणारा माणूस.)

रोजचं चालणं, श्वास सावकाश सोडणं, कॉफी कमी करणं, समुपदेशकाशी बोलणं, या सगळ्याचा आधार होतो. मात्र ध्यानाची दीर्घ, कडक शिबिरं सगळ्यांना मानवत नाहीत. ज्यांना भास होतात किंवा झाले आहेत, त्यांनी मनोविकारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय तिकडे जाऊ नये. आणि बरं वाटतंय, ताणही आटोक्यात आहे, म्हणून गोळ्या आपल्या आपण बंद करू नयेत. काही औषधं एकदम थांबवली की चक्कर येते, डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखं होतं. मूळ आजारही परतू शकतो. कमी करायची असतील, तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, पायरीपायरीनं.

(दृश्य: पुन्हा घर. स्वयंपाकघराच्या दारात उभी आई.)

पुढे संशोधकांनी त्या तणावाच्या घरांनाच हाताशी धरलं. रुग्णांची औषधं चालूच होती. घरच्यांना आजार समजावून सांगितला, एकमेकांशी बोलायच्या रीती बदलायला मदत केली, दिवसातले काही तास एकमेकांपासून दूर घालवायला सुचवलं. अशा घरांतले रुग्ण कितीतरी कमी परतले.

आईनं दारातूनच विचारलं, "आज झोप लागली का रे?"

तो उठून बसला. "थोडी लागली."

ती पाण्याचा पेला ठेवून गेली.