एकास पाच हरिकेन

मोठ्या मापाचं रेडिओवर उडणारं युद्धविमान बांधायचं ठरलं की बहुतेक जण पहिलं नाव स्पिटफायरचं घेतात. मीही तेच घेतलं होतं. एकास पाच प्रमाणात, म्हणजे पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सव्वादोन मीटर. अडीच वर्षं त्यावर खपलो. चौथ्या उड्डाणात उतरताना डावं चाक मुरुमातल्या एका खळग्यात गेलं, पाय मुडपला, पंखाचं टोक जमिनीला टेकलं आणि स्पार, म्हणजे पंखाचा कणा, मुळाशी तडकला. त्या दिवशी वारा शांत होता, रेडिओही व्यवस्थित चालत होता. चूक झाली होती ती अडीच वर्षांपूर्वी, विमानाचा नकाशा निवडताना.

स्पिटफायरची चाकं पोटाजवळून निघतात आणि बाहेरच्या बाजूला दुमडतात. त्यामुळे दोन चाकांमधलं अंतर कमी, आणि जमिनीवर विमान डगमगतं. हिरवळीच्या गुळगुळीत मैदानावर ते खपून जातं. आपल्याकडे मात्र बहुतेकांच्या वाट्याला मुरुमाची पट्टी येते, पावसाळ्यानंतर तर तिच्यावर पाण्याने पाडलेल्या चऱ्या असतात. म्हणून माझं पहिलं सांगणं असं की विमान निवडायच्या आधी आपली पट्टी एकदा पायी चालून या. खिशात टेप ठेवा, लांबी मोजा, पट्टीच्या दोन्ही टोकांना झाडं किती उंच आहेत ते बघा. विमान कुठलं घ्यायचं याचं अर्धं उत्तर तिथेच मिळतं.

माझ्या बाबतीत ते उत्तर हॉकर हरिकेन निघालं. सिडनी कॅम यांनी आखलेल्या या विमानाने पहिलं उड्डाण केलं 6 नोव्हेंबर 1935 रोजी, स्पिटफायरच्या चार महिने आधी. त्याची चाकं पंखात लांब बसवलेली आणि आतल्या बाजूला दुमडणारी. विमान जमिनीवर पाय फाकवून, घट्ट उभं राहतं. पंख 40 फुटांचा, म्हणजे एकास पाचला बरोबर 8 फूट. पंखाची जाडीही बघा. मुळाशी हरिकेनचा पंख रुंदीच्या 19 टक्के जाड आहे, स्पिटफायरचा 13 टक्के. आपल्या मापात याचा अर्थ असा की हरिकेनमध्ये स्पारला 90 मिलिमीटरहून जास्त उंची मिळते, स्पिटफायरमध्ये 66. स्पार जितका उंच, तितका त्याच्या वरच्या-खालच्या पट्ट्यांवर ताण कमी. पातळ पंखात जे काम कार्बनच्या पट्टीला करावं लागतं, ते इथे साधी पाइनची पट्टी करते.

आणखी एक गोष्ट मला फार आवडते. हरिकेनचं मागचं धड पत्र्याचं नाही. आत धातूच्या नळ्यांचा सांगाडा, त्यावर लाकडी फॉर्मर (धडाला आकार देणाऱ्या चौकटी), त्यावर लांब लाकडी स्ट्रिंगर (पातळ पट्ट्या), आणि वरून डोप नावाचं रोगण लावून ताणलेलं लिननचं कापड. म्हणजे मूळ विमान ज्या रीतीने बांधलं, जवळपास त्याच रीतीने आपण मॉडेल बांधू शकतो. उन्हात त्या कापडाखाली स्ट्रिंगरच्या लांबलचक रेषा दिसतात ना, त्या रंगवून आणाव्या लागत नाहीत, आपोआप येतात.

पण मी हरिकेन निवडलं त्यामागे याहून मोठं कारण आहे. 1944 साली जपानविरुद्धच्या इंफाळच्या लढाईत भारतीय हवाईदलाची पहिली स्क्वाड्रन हरिकेन उडवत होती आणि तिचं नेतृत्व करत होते अर्जन सिंग, पुढे जे आपले मार्शल ऑफ द एअर फोर्स झाले. त्या लढाईतल्या कामगिरीसाठी त्यांना डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस हे शौर्यपदक मिळालं. आपल्या मुलांच्या हाती इंग्लंडच्या आकाशातल्या लढाईची मॉडेलं येतात, आणि इंफाळवर आपलीच माणसं हे विमान उडवत होती हे त्यांना कुणी सांगत नाही. मला याचं मनापासून वाईट वाटतं. दिल्लीला गेलात तर पालमच्या हवाईदल संग्रहालयात हरिकेन आहे, जाऊन बघाच. जवळच हॉकरचंच टेम्पेस्ट हे युद्धविमानही आहे. 1947-48च्या काश्मीर मोहिमेत टेम्पेस्ट वापरली गेली, आणि त्याच मोहिमेसाठी मुंबईत जन्मलेले वैमानिक हृषीकेश मुळगावकर यांना महावीर चक्र मिळालं. कुणाला गोल, भरदार नाकाचं विमान हवं असेल तर टेम्पेस्टचा विचार जरूर करा. त्याच्या नाकात मोठं इंजिन सहज लपतं.

आता वजनाकडे येतो, आणि इथे थोडा वेळ काढतो, कारण मोठी मॉडेलं पडतात ती बहुतेक इथेच. खरं हरिकेन लढाईला निघताना साधारण साडेतीन टन भरायचं. लांबी पाचपट कमी केली की वजन पाचच्या घनाने, म्हणजे सव्वाशेपट कमी व्हायला हवं, पण पंखाचं क्षेत्रफळ फक्त पंचवीसपट कमी होतं. हिशोबाने आपलं मॉडेल 28 किलोचं यायला हवं. तसं बांधलं तर ते दगडासारखं खाली येईल. नियमातही ते बसणार नाही, कारण 2021च्या ड्रोन नियमांनुसार मॉडेल विमानाचं एकूण वजन 25 किलोच्या आत लागतं आणि ते सतत डोळ्यांसमोर ठेवून उडवावं लागतं. माझं लक्ष्य होतं 13 किलो. पंख साधारण 0.96 चौरस मीटरचा, म्हणजे दर चौरस मीटरला साडेतेरा किलो. एवढ्या भारावर वेग ताशी 50 किलोमीटरच्या आसपास उतरला की विमान पडायला लागतं. हेच वजन 17 किलो झालं की तो आकडा 57च्या घरात जातो. कागदावर साताचा फरक लहान दिसतो. छोट्या पट्टीवर, समोर बाभळीची रांग असताना, तो फार मोठा असतो. आणि आपण देशावरचे लोक समुद्रसपाटीपासून पाच-सहाशे मीटर वर राहतो. मे महिन्याच्या दुपारी हवा आणखी विरळ असते, तेव्हा त्यात थोडी भरच पडते.

म्हणून टेबलावर एक साधा काटा ठेवा आणि बाल्साची प्रत्येक पाटी तोलून घ्या. 3 मिलिमीटर जाड, 100 मिलिमीटर रुंद, 1 मीटर लांब पाटी कधी 30 ग्रॅमची निघते, कधी 60ची. दिसायला दोन्ही सारख्याच. मी पाट्यांवर पेन्सिलीने वजन लिहितो आणि तीन गठ्ठे करतो. सर्वांत हलक्या पाट्या शेपटीसाठी, मधल्या पंखाच्या कातडीसाठी, जड पाट्या इंजिनाजवळ. बाल्सा बाहेरून येतो आणि महाग पडतो, म्हणून मी पंखांच्या टोकांचे ठोकळे पांगाऱ्याचे करून पाहिले, सावंतवाडीच्या खेळण्यांचा पांगारा. कोरायला सुरेख, पण बाल्सापेक्षा जड. टोकांना ते चालून गेलं, शेपटीत मी कधीही वापरणार नाही.

शेपटीबद्दल इतकं बोलतोय त्याला कारण आहे. हरिकेनचं नाक आखूड आहे आणि हा त्याचा खरा दोष. माझ्या मॉडेलमध्ये तोलाच्या बिंदूपासून शेपूट इंजिनाच्या जवळजवळ तिप्पट लांब आहे. मागे 10 ग्रॅम जास्त लागले की पुढे 30 ग्रॅम शिसं घालावं लागतं. एका जोडीदाराने हौसेने शेपटीच्या चाकाला पितळी काटा केला होता. देखणं काम होतं. तो काढून ॲल्युमिनियमचा बसवला आणि नाकातलं 200 ग्रॅम शिसं सुटलं.

इंजिन 55 सीसीचं, टू-स्ट्रोक, पेट्रोलवर चालणारं, 22 बाय 10चा लाकडी पंखा, म्हणजे 22 इंच व्यासाचा आणि एका फेरीत हिशोबाने 10 इंच पुढे जाणारा प्रोपेलर. हरिकेनचं नाक निमुळतं असल्यामुळे सिलिंडर आत कोंडला जातो. हवा आत घेणाऱ्या तोंडापेक्षा बाहेर जाणारी वाट मोठी ठेवा आणि आतून पुठ्ठ्याच्या किंवा प्लायच्या भिंती लावून हवेला सिलिंडरच्या पात्यांमधूनच जायला भाग पाडा. वाट मोकळी असेल तर हवा बाजूने निघून जाते, आणि इंजिन तापून आकाशातच बंद पडतं.

रेडिओच्या बाबतीत काटकसर करू नका. दोन्ही एलेव्हेटरना (शेपटीच्या आडव्या पाळ्या) स्वतंत्र सर्व्हो, म्हणजे त्या हलवणारी छोटी मोटर, दोन्ही एलेरॉनना (पंखांच्या टोकाकडच्या पाळ्या) स्वतंत्र सर्व्हो, रिसीव्हरला दोन बॅटऱ्या. इंजिनाच्या ठिणगीची बॅटरी वेगळी, आणि ती जमिनीवरून बंद करता यायला हवी. सिग्नल तुटला तर इंजिन मंद होतं की नाही हे दरवेळी तपासा. तेरा किलोचं विमान आणि फिरता पंखा कुणाच्या अंगावर गेला तर काय होईल, याचा विचार आपण घरून निघतानाच केलेला असावा.

पंख जोडण्याआधी मी त्याची परीक्षा घेतली. उलटा ठेवला, मधोमध आधार दिला आणि दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या ठेवत गेलो, मुळाशी जास्त, टोकाकडे कमी. वजनाच्या सहापट, म्हणजे 78 किलो. पिशव्या ठेवताना कान लाकडावर ठेवा. गोंद सुटत असेल तर डोळ्यांना दिसण्याआधी कानाला कळतं.

रंग वरून हिरवा आणि मातकट, पोट राखाडी. पंखावरच्या वर्तुळात लाल ठिपका नाही, फक्त निळा आणि फिकट निळा. बघायला आलेले लोक मला सांगतात, तुमचं लाल राहिलं. राहिलेलं नाही. इंफाळच्या आघाडीवर जपानी विमानांवर लाल सूर्य असे, आपलंच विमान शत्रूचं समजून कुणी पाडू नये म्हणून लाल काढून टाकला होता.

पहिल्या उड्डाणाला थ्रॉटल (इंजिनाचा जोर) एकदम उघडू नका. शेपूट वर येताच विमान डावीकडे ओढ घेतं. तीनपर्यंत मोजत थ्रॉटल वाढवा आणि उजवा रडर (शेपटीची उभी पाळी) आधीपासून धरून ठेवा. वर गेल्यावर पुरेशी उंची घ्या आणि चाकं आणि फ्लॅप (उतरताना खाली सोडायच्या पंखाच्या पाळ्या) खाली ठेवून ते किती मंद उडू शकतं हे तिथेच बघून घ्या. मग उतरताना नाक किती वर धरायचं हे हाताला माहीत असतं.

विमान मागच्या टेबलावर ठेवलंय. निघण्यापूर्वी एकेकाने येऊन शेपूट दोन बोटांनी उचलून बघा, आणि मग पंख्यापाशी धरून नाक उचलून बघा.