होम्स मालवणात राहायला येतो तेव्हा

(दृश्य : रात्र. देवळामागचा रंगपट.)

पत्र्याचा पेटारा उघडा आहे. झाकणाला आतून टेकवलेला आरसा, आणि समोर मांडी घालून भुवई ओढणारा हा माणूस. दुपारपर्यंत तो काजूच्या कलमांना पाणी घालत होता. आणखी अर्ध्या तासानं तो राजा होईल. दशावतार या कोकणातल्या लोकनाट्यातल्या नटाबद्दल इकडे म्हणतातच, रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा.

आता त्याच्या शेजारी बघा. चार नट बोलत बसलेत. आज कोणतं आख्यान लावायचं? राजाला मुलगा की मुलगी? नारद कधी येणार, युद्ध कुणाशी होणार? कुणाच्याही हातात कागद नाही. दशावताराला लिहिलेली संहिता नसते. कथेचा सांगाडा इथेच, रंग लावता लावता ठरतो. संवाद रंगमंचावर, समोरच्याचं ऐकून, त्या क्षणी सुचतात.

पेटाऱ्याच्या कडेला मोबाइल घेऊन बसलेली ही मुलगी या राजाची नात. कॉलेजात शिकते, आणि फॅन फिक्शन लिहिते. म्हणजे दुसऱ्याच्या कथेतली, आपल्याला जिवापाड आवडलेली पात्रं घेऊन नवी कथा रचते. तिचा नायक शेरलॉक होम्स. फक्त हा होम्स लंडनमध्ये राहत नाही, मालवणात राहतो.

(दृश्य : दांडीचा किनारा, सकाळ. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढणारी माणसं. मागे सिंधुदुर्ग किल्ला.)

दोन दोरखंड, दोन रांगा. जाळं किनाऱ्याला लागतं तशी ओढ वाढत जाते. टाचा वाळूत रुततात, माणसं मागे रेलतात. जाळ्यात पेडवे, तारली, मधेच एखादी सुरमई. मग वाटे पडतात. ज्यानं दोर ओढला, त्याला वाटा.

तिच्या कथेची सुरुवात इथे होते. पाचजण वाटा घेऊन निघतात, आणि होम्स त्यातल्या एकाला थांबवतो. पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली, अंगावर खारं पाणी, सगळं जिथल्या तिथे. पण तळवे स्वच्छ. दोराचा वळ नाही. हा माणूस पाण्यात उभा राहिला होता, त्यानं रापण ओढली नाही. मग तो पहाटे किनाऱ्यावर आला तरी कशासाठी?

शेजारी डॉक्टर वॉटसन उभा आहे. मूळ कथेत तो अफगाण युद्धात जखमी होऊन परतलेला लष्करी डॉक्टर. इथे तो लष्करातून निवृत्त होऊन गावच्या घरी आलेला. सिंधुदुर्ग जिल्ह्यात लष्करातून परतलेल्या माणसाचं घर शोधावं लागत नाही.

अशा लेखनाला फॅन फिक्शन लिहिणारे 'एयू' म्हणतात, अल्टरनेट युनिव्हर्स. पात्रं तीच, जग वेगळं. गुप्तहेर कोळीवाड्यात येतो, राजपुत्र कॉलेजच्या होस्टेलवर, जादूगार चहाच्या टपरीवर. आणि या लेखनातला सगळ्यात मोठा दोष म्हणजे 'ओओसी', आउट ऑफ कॅरॅक्टर. जग हवं तितकं बदला, पण माणूस आपल्या स्वभावाबाहेर वागला की वाचक लगेच पकडतात.

म्हणून तर यात एवढा आनंद आहे. होम्सचं धुकं काढून घेतलं, घोडागाडी काढली, पाइप काढला, बेकर स्ट्रीटही काढला. तरी तो तळव्याकडे बघतो. म्हणजे होम्स तिथे होता, त्या बघण्यात! लेखिकेला हे आधी ठाऊक नसतं, लिहिताना सापडतं. वाचकाला ते ओळखीचं वाटतं, आणि तरीही नवं. पात्राची ओळख करून देण्यात पानं घालवावी लागत नाहीत. कथा थेट वाळूवर उतरते.

(दृश्य : रंगमंच. पखवाज, पेटी, झांज. संकासुराचा प्रवेश.)

हा बघा संकासुर. अंगभर काळा वेष, चेहऱ्यावर काळं आवरण, बाहेर लोंबणारी लाल जीभ. पुराणातला शंखासुर वेद चोरून समुद्रात लपतो. इथला संकासुर मालवणी बोलतो. समोर बसलेल्यांची फिरकी घेतो, गावात काय चाललंय ते विचारतो. पहिल्या रांगेतली पोरं किंचाळत आईच्या मागे लपतात, आणि लगेच पुन्हा डोकं बाहेर काढतात. शेवटी विष्णू त्याला मारतोच. तेवढं बदलत नाही. पण तोवर पुराणातल्या असुराला मालवणी माणसाच्या जगात आणून बसवलेलं असतं, कितीतरी पिढ्यांपासून.

रंगमंचावर एकच बाकडं आहे. आत्ता ते सिंहासन. मघाशी डोंगर होतं. पुढे अरण्यातली शिळा होईल. बाकडं काहीही असो, राजा त्याच्या आवाजावरून ओळखू येतो.

या मुलीचं लिहिणं नक्कल आहे असं म्हणणाऱ्यांनी एक रात्र इथे बसावं, असं आम्हाला मनापासून वाटतं.

आणि होम्सपुरतं म्हणाल, तर त्याच्या जनकानंच मुभा दिली होती. आर्थर कॉनन डॉयलनं 1893 मध्ये होम्सला मारलं. पुढे अमेरिकन नट विल्यम जिलेट होम्सचं नाटक करत होता. त्यानं तारेनं विचारलं, होम्सचं लग्न लावू का? डॉयलनं कळवलं, लग्न लावा, खून करा, काय हवं ते करा. ते नाटक 1899 मध्ये रंगमंचावर आलं.

आता तर असं लेखन साठवणारा स्वयंसेवकांचा एक मोठा संग्रहच आहे, 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन'. तो 2009 मध्ये खुला झाला आणि 2019 मध्ये त्याला ह्यूगो हा विज्ञानकथा-अद्भुतकथांच्या क्षेत्रातला पुरस्कार मिळाला. सगळ्याच लेखकांना आपली पात्रं अशी फिरलेली आवडत नाहीत, कॉपीराइट असलेली पात्रं परवानगीशिवाय घेऊन पैसे कमावता येत नाहीत, आणि बारावीच्या वर्षात या लिहिण्यापायी राजाच्या नातीला घरी बोलणीही खावी लागली.

(दृश्य : पहाट. प्रयोगाच्या शेवटची दहीहंडी फुटते. पेटारे बांधले जातात.)

राजा तोंडावरचा रंग पुसतो आहे. नात शेजारी बसून टाइप करते आहे. तिच्या कथेच्या पुढच्या भागात जत्रा आहे. डॉक्टर प्रेक्षकांत, पुढच्या रांगेत बसलाय. होम्सची खुर्ची रिकामी आहे. तो देवळामागे, पेटाऱ्यावर बसून, आज कोणतं आख्यान ठरतंय ते ऐकतो आहे.