पट्ट्यांचे पैसे कोण देणार?

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय, 'आरोग्य प्रकल्पांसाठी फाउंडेशनकडे अर्ज कसा करावा'. त्याकडे मी येणारच आहे. पण कुडाळला एवढी महिला मंडळं, मच्छीमार सोसायट्या आणि निवृत्त गुरुजी एका छपराखाली बसलेत, तर आधी पट्ट्यांची गोष्ट सांगू द्या.

हिमोग्लोबिन मोजायचं छोटं मशीन तुम्ही पाहिलं असेल, तळहातावर मावतं. बोटाला टोचायचं, थेंब पट्टीवर घ्यायचा, आकडा येतो. गरोदर बाईचा आकडा 11च्या खाली गेला की रक्तक्षय, 7च्या खाली गेला की धावपळ. आमचं काम खाडीपलीकडच्या वाड्यांत. एका कंपनीच्या फाउंडेशनने आम्हाला अशी चार मशीनं दिली. नारळ फुटला, फोटो निघाले. पट्ट्या मात्र मशीनच्या खोक्यात होत्या तेवढ्याच. एका पट्टीवर एकच तपासणी होते, आणि डबी एकदा उघडली की आपल्या दमट हवेत ती जपावी लागते. आमची कार्यकर्ती ती प्लास्टिकमध्ये गुंडाळून स्टीलच्या डब्यात घालायची आणि तो डबा पोटाशी धरून होडीत बसायची.

मृगातच पट्ट्या संपल्या. आम्ही लिहिलं. उत्तर आलं, 'चालू खर्च धोरणात बसत नाही.' कार्यकर्तीचं मानधन मागितलं, तर 'प्रशासकीय खर्च 5 टक्क्यांच्या वर नको, कायदाच आहे.'

श्रावणात एक आजी सातव्या महिन्यातल्या सुनेला घेऊन चिखल तुडवत आली. "बाय, हिचा रगात बघ गो." मशीन पिशवीत होतं. कार्यकर्तीने ते बाहेर काढलंच नाही. तिने सुनेची खालची पापणी ओढून बघितली, मग नखं बघितली. पापणी पांढरीफटक. पलीकडे नेऊन रिक्षाने ग्रामीण रुग्णालयात पाठवलं. बाळंतपण नीट झालं, लेक आता अंगणवाडीत जाते. पण मशीन जवळ असताना पापणीवरून अंदाज बांधावा लागला, हे मला अजून सहन होत नाही.

आता त्या 5 टक्क्यांचं. मी नियम शोधून वाचले, आणि तुम्हीही वाचा. सीएसआर, म्हणजे कंपन्यांनी समाजकार्यावर करायचा खर्च, त्याच्या नियमांत 5 टक्क्यांची मर्यादा आहे, पण ती कंपनीने आपलं सीएसआरचं कामकाज चालवायला केलेल्या खर्चावर आहे. 2021च्या दुरुस्तीत स्पष्ट म्हटलंय की एखाद्या प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख आणि मूल्यमापन यांवर थेट होणारा खर्च त्यात येत नाही. होडीने वाडीत जाऊन रक्त तपासणारी बाई म्हणजे अंमलबजावणीच की! परदेशी देणगीच्या कायद्यात 2020 साली प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50वरून 20 टक्क्यांवर आली, पण तिथेही दवाखान्यातल्या डॉक्टरांचा पगार प्रशासकीय धरत नाहीत. तेव्हा मानधन 'इतर' खाली लपवू नका. प्रकल्पाच्या खर्चातच लिहा, ताठ मानेने.

चिठ्ठी आली, दहाच मिनिटं. बरं, भरभर सांगतो.

गरज लिहिताना 'कोकणातील दुर्गम भागात आरोग्याची दुरवस्था' असलं वाक्य नको. वहीतलं लिहा. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडकडे विंचू चावलेल्या रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी केल्या, त्या 1982 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आल्या. आपल्याला तेवढं नको, पण भाताच्या लावणीत किती जणांच्या पायाला चिरा होत्या, लेप्टोच्या, म्हणजे चिखलपाण्यातून जखमेवाटे होणाऱ्या तापाच्या, गोळ्या किती घरांत पोचल्या, ताप आल्यावर माणूस कितव्या दिवशी दवाखान्यात गेला, हे आशाताईंबरोबर बसून मोजता येतं. दोडामार्गात माकडताप, म्हणजे जंगलातल्या गोचिडींमुळे होणारा ताप, आला तेव्हा जंगलात कोण कशासाठी जातं हे गावालाच ठाऊक होतं.

खर्च दर तपासणीमागे काढा: पट्टी, सुई, कापूस, होडीचं भाडं. पावसात होडी बंद असते तेव्हाचा वळसाही धरा. मशीन मागितलंत तर पूर्ण मुदतीच्या पट्ट्या आणि दुरुस्ती त्याच अर्जात मागा, नंतर कोणी देत नाही.

प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांचं पत्र जोडा. आकडा 7च्या खाली आला तर बाईला कुठे न्यायचं, गाडी कोणाची, हे त्यांच्याशी आधी ठरलेलं असू दे. कागदांत संस्थेची आयकर खात्याकडची 12ए आणि 80जी नोंदणी, सरकारच्या 'दर्पण' या संस्थांच्या पोर्टलवरचा क्रमांक आणि सीएसआरच्या पैशासाठी सीएसआर-1 या फॉर्मची नोंदणी. ती एप्रिल 2021पासून सक्तीची आहे, आयत्या वेळी होत नाही. आणि काम मृगाआधी सुरू व्हायचं असेल तर अर्ज दिवाळीतच घाला. मंजुरीला महिने जातात.

अंदाजपत्रकाचा नमुना मागच्या टेबलावर ठेवलाय, एकेक प्रत न्या. पट्ट्यांची ओळ मी त्यात पहिली टाकली आहे. कोणी ती खोडायला सांगितली तर त्याच दिवशी मला फोन करा, मी तुमच्याबरोबर त्यांच्याकडे येतो.