दोन फेऱ्या हाताने

(पडद्यावर: तेलकट बोटांच्या चिमटीत धरलेला काळा, दातेरी बेल्ट. कॅमेरा जवळ जातो.)

हा बेल्ट नीट बघा. दात सगळे शाबूत आहेत. पाठीवर एक चीर नाही. पुसून परत बसवला, तर गाडी आत्ता सुरू होईल आणि कदाचित वर्षभर धावेलही. तरीही तो आज बाहेर काढलाय, आणि आता कचऱ्यात जाणार आहे.

टायमिंग बेल्टचं काम असंच असतं. चांगली दिसणारी वस्तू वेळेवर काढून टाकायची. कारण हा बेल्ट बहुतेक वेळा कुरकुरत नाही, धूर सोडत नाही, डॅशबोर्डवर दिवा लावत नाही. चालतो, चालतो आणि एके दिवशी तुटतो.

(इंजिनचं कापलेलं मॉडेल. पिस्टन वर-खाली, वर व्हॉल्व्ह उघडतायत, मिटतायत.)

दोन फिरणारे दांडे: खाली क्रँक, वर कॅम. क्रँक पिस्टन हलवतो, कॅम व्हॉल्व्ह, म्हणजे हवा आत-बाहेर सोडणारी झाकणं, उघडतो. चार स्ट्रोकचं एक आवर्तन पूर्ण व्हायला क्रँकच्या दोन फेऱ्या लागतात, आणि तेवढ्यात कॅमची एकच झाली पाहिजे. क्रँकच्या पावणेदोन नाही, सव्वादोन नाही. म्हणून कॅमच्या पुलीला क्रँकच्या पुलीपेक्षा बरोबर दुप्पट दात असतात. खाली २४ असतील तर वर ४८. पुढच्या वेळी कव्हर उघडलेलं दिसलं, तर मोजून बघा.

आता वेग धरा. मिनिटाला ३,००० फेरे म्हणजे रस्त्यावरची अगदी साधी चाल. त्यात क्रँक सेकंदाला ५० वेळा फिरतो आणि प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडून मिटतो. मधला दुवा काय? रबराचा हा बेल्ट.

एका उखळात दोघी जणी कांडायला बसल्या की कशा आळीपाळीने मुसळ घालतात? जागा एकच, पण एकीचं वर गेलं की दुसरीचं खाली येतं. बऱ्याचशा इंजिनांत पिस्टन आणि व्हॉल्व्हचं नातं हेच आहे. व्हॉल्व्ह ज्या जागेत उतरतो, थोड्या वेळाने त्याच जागेत पिस्टन वर येतो. ताल सांभाळायला बेल्ट असतो. ताल गेला, की मुसळावर मुसळ.

(कोपऱ्यातल्या टेबलावर ओळीने मांडलेले व्हॉल्व्ह. काही सरळ, काही मानेत वाकलेले.)

बेल्ट तुटतो तेव्हा कॅम जवळजवळ जागच्या जागी थांबतो. काही व्हॉल्व्ह तसेच उघडे राहतात. क्रँक मात्र गाडीच्या वेगाने अजून फिरत असतो. पिस्टन वर येतो आणि व्हॉल्व्हवर आदळतो. हे सगळं इतक्या लवकर होतं, की क्लच दाबायलासुद्धा वेळ मिळत नाही. पुढे हेड, म्हणजे व्हॉल्व्ह बसवलेला इंजिनाचा वरचा भाग, उतरवायचं, व्हॉल्व्ह बदलायचे, कधी पिस्टनही. ज्या इंजिनांत या दोघांमध्ये पुरेशी जागा सोडलेली असते, ती नुसती बंद पडतात. नवा बेल्ट चढवला की पुन्हा सुरू. आपलं इंजिन कुठल्या जातीचं आहे, हे मालकाला आधीच माहीत असावं. बेल्ट तुटल्यावर कळून उपयोग नाही.

एक ओळखीची खूण सांगून ठेवतो. चालती गाडी अचानक बंद पडली, आणि स्टार्टर मारल्यावर इंजिन नेहमीच्या लयीत धापा न टाकता हलकं, गरगर फिरायला लागलं, तर चावी सोडा. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा दाबली जाणं, उरलेलं नाही, बेल्ट गेलेला असू शकतो. पुन्हा पुन्हा स्टार्टर मारलात, तर वाचलेले व्हॉल्व्हही जाऊ शकतात.

(जुनं कृष्णधवल छायाचित्र: एक छोटी कार.)

गाडीच्या इंजिनात रबर घालायचं, ही कल्पना तशी अलीकडची. त्याआधी हे काम गिअर आणि साखळी करत. दातेरी बेल्टवर कॅम फिरवणारी पहिली मोठ्या प्रमाणावर बनलेली गाडी म्हणजे ग्लास १००४. साल १९६२, देश पश्चिम जर्मनी. ही ग्लास कंपनी मुळात शेतीची पेरणी यंत्रं बनवणारी. पुढे १९६६ मध्ये ती बीएमडब्ल्यूने घेतली, आणि त्याच वर्षी फियाटच्या १२४ स्पोर्टमध्ये औरेलियो लाम्प्रेदी यांनी दोन कॅमचं इंजिन बेल्टवर आणलं. साखळीपेक्षा हलका, शांत, तेलाचा थेंब न लागणारा. मग तो पसरला. आज साखळी पुन्हा बरीच परतली आहे, आणि काही इंजिनांत तर बेल्ट तेलातच बुडवून ठेवलाय. त्या तेलातल्या बेल्टबद्दल माझं मत फारसं बरं नाही. झिजून त्याचे कण सुटले, की ते थेट ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन बसतात. पण तो वेगळा विषय.

(कापलेल्या बेल्टचा काठ. पांढुरके धागे बाहेर डोकावतायत.)

हे पांढरे धागे काचेचे आहेत. ग्लास फायबर. बेल्टची खरी ताकद यांच्यात. ओढलं तर ताणत नाहीत. बाहेर रबर, दातांवर नायलॉनच्या कापडाचं अस्तर. पण काच ती काच. घट्ट दुमडली, पिळली, तर आत धागे मोडतात आणि वरून काही दिसत नाही. म्हणून नवा बेल्ट खोक्यातून काढून कुणी "बघू किती मऊ आहे" म्हणून उलटा वाकवायला लागला, तर त्याच्या हातातून तो काढून घ्या.

किती चालतो? कंपनीचं पुस्तक बघायचं. काही इंजिनांना ६०,००० किलोमीटर, काहींना १,००,०००, काहींना त्याहून जास्त. शिवाय वर्षांची मर्यादा वेगळी, आणि दोन्हींत जे आधी येईल ते खरं. गाडी नुसती उभी असली तरी रबर म्हातारं होतंच. "माझी तर चालतच नाही" ही सबब इथे कामाची नाही.

(इंजिनाच्या बाजूला खोल बसलेला वॉटर पंप. त्याच्या खाली वाळलेला, रंगीत, खरबरीत ओघळ.)

आता या ओघळाकडे बघा. हा कूलंट आहे, इंजिन थंड ठेवणारं पाणी, वाळलेला. पंपाच्या पोटात एक दांडा, एक बेअरिंग, एक सील आणि पाणी ढकलणारा पंखा, एवढाच संसार. सीलमधून झिरपलेलं पाणी बेअरिंगमध्ये शिरू नये म्हणून कंपनीच खाली एक बारीक भोक ठेवते. तिथे असा ओघळ दिसला, की सील थकलं.

अनेक इंजिनांत हा पंप टायमिंग बेल्टच फिरवतो. म्हणजे पंपाचं बेअरिंग जाम झालं तर बेल्ट जातो, आणि पंप गळला तर कूलंट बेल्टवर उडतो. उलट बाजूने बघा: पंपाला चार-सहा बोल्ट असतात, पंधरा-वीस मिनिटांचं काम. पण तिथे पोहोचायला बेल्टपर्यंतचं सगळं उघडावं लागतं, आणि त्यात अर्धा दिवस जातो.

मी एकदा शहाणपणा केला होता. बेल्ट बदलला आणि पंप ठेवला, कारण पंप "चांगलाच होता". आठ महिन्यांनी गाडीखाली डबकं. तेच चाक, तीच कव्हरं, तीच पुली, सगळं पुन्हा. तेव्हापासून बेल्ट, त्याला ताण देणारा टेन्शनर, त्याला वाट दाखवणारी आयडलर पुली आणि पंप, चौघांची वरात एकत्रच काढतो.

(गाडी स्टँडवर. पुढचं उजवं चाक काढलेलं. मिस्त्री आणि त्यांच्या हाताखालचा पोरगा.)

इंजिन थंड. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेली. कूलंट खाली घमेल्यात उतरतोय. तो गोडसर असतो आणि विषारी असतो. कुत्र्या-मांजरांनी चाटायच्या आत उचलून झाकून ठेवायचा.

या गाडीत इंजिनाचा एक माउंट, म्हणजे इंजिन गाडीला धरून ठेवणारा आधार, बेल्टच्या वाटेतच येतो. म्हणून इंजिनाखाली जॅक, जॅकवर लाकडाची फळी, मग माउंट सुटतो. आणि मग आजच्या दिवसातला सर्वात हट्टी इसम: क्रँक पुलीचा बोल्ट. लांब पाइप घातलेला पाना, पुलीला पकडायचं खास हत्यार, दोघांचं वजन, आणि मग कट्ट असा आवाज. टायमिंगची खुंटी घालून क्रँक अडवायचा आणि तिच्या भरवशावर हा बोल्ट खोलायचा, असं काही जण करतात. खुंटी मोडते, नाहीतर तिचं भोक फाटतं. ती नुसती जागा दाखवायला आहे.

(कव्हर निघतं. बेल्ट पहिल्यांदा पूर्ण दिसतो.)

इथून पुढे घाई संपली. क्रँक हळूहळू फिरवून पहिल्या सिलिंडरचा पिस्टन वरच्या टोकाला आणायचा. पुलीवरची खाच आणि इंजिनावरची रेघ समोरासमोर. कॅमचीही तशीच. कॅमची जुळत नसेल, तर क्रँक आणखी एक पूर्ण फेरी. दोन फेऱ्यांना एक, आठवतंय ना? मिस्त्री दोन्ही खुणांवर पांढऱ्या रंगाचा ठिपका देतात आणि मोबाइलवर फोटोही काढतात. कॅमला खुंटी घालतात, टेन्शनर ढिला करतात. बेल्ट उतरतो.

"दादा, हा कॅम थोडा—"

"हात लावू नकोस. तिथेच राहू दे."

बेल्ट नसताना कॅम किंवा क्रँक स्वतंत्र फिरवला, तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन इथेच, शांत गॅरेजमध्ये, एकमेकांना भिडू शकतात. पोरगा दोन्ही हात खिशात घालून उभा राहतो.

(पंप सुटतो. आत उरलेलं पाणी भसकन बाहेर.)

हे पाणी सगळ्यांच्या बाहीत जातंच. मग बराच वेळ नुसतं खरवडणं. जुन्या गॅस्केटचा, म्हणजे सांध्यातल्या गळतीरोधक पट्टीचा, शेवटचा कण निघेपर्यंत, प्लास्टिकच्या पट्टीने, कारण ॲल्युमिनियमवर लोखंडी पात्याने ओरखडा उठला की तिथूनच उद्या गळती. पुस्तकात सांगितलं नसेल तर सीलंटचं नाव काढायचं नाही. जास्तीचं सीलंट आत सुटतं आणि कूलंटच्या वाटेत जाऊन अडकतं. पंपाच्या या बारीक बोल्टांना बहुधा १० न्यूटन-मीटरच्या आसपासच ताण लागतो, मनगटाचा जोर फक्त. "अजून थोडा" म्हणणाऱ्याच्या हाताखाली ॲल्युमिनियमचे आटे निघून येतात. क्रँकच्या बोल्टचं उलट आहे, तिथे अनेक गाड्यांत १०० न्यूटन-मीटरच्या वर.

क्रँक आणि कॅमची ऑइल सील याच वेळी बघून घेतली. एक ओलसर निघाली, बदलली. बेल्टला तेल चालत नाही.

(नवा बेल्ट. पाठीवर फिरण्याच्या दिशेचा बाण आणि बसवताना खुणांशी जुळवायच्या पांढऱ्या रेघा.)

बेल्ट क्रँकपासून चढतो. मग टेन्शनर नाही ती बाजू, अगदी ताठ धरून, कॅमवर, पंपावर, आणि सगळी ढील शेवटी टेन्शनरच्या पदरात. ताठ बाजूला एक दात जरी झोल राहिला तरी टायमिंग गेलं. ४८ दातांच्या पुलीवर एक दात म्हणजे कॅमचे साडेसात अंश, क्रँकचे पंधरा. इंजिन सुरू होईल, पण धडधडेल आणि ओढणार नाही. टेन्शनर पुस्तकातल्या खुणेपर्यंत. जास्त ताणला तर बेल्ट शिट्टी मारतो आणि नव्या पंपाचं बेअरिंग खातो. कमी ताणला तर दात उडी मारतात.

(सगळे आवाज बंद. फक्त पाना फिरतानाची टकटक.)

आता खुंट्या काढल्या, आणि मिस्त्री क्रँक हाताने फिरवतायत. इंजिन ज्या दिशेने फिरतं त्याच दिशेने, सावकाश, पूर्ण दोन फेऱ्या. सात-आठ तासांतली ही दोन मिनिटं, आणि याच दोन मिनिटांना बरेच जण कंटाळतात. स्टार्टरला कळत नाही की मध्ये काही अडलंय. हाताला कळतं. कुठे कडक लागलं तर तिथेच थांबायचं, जोर करायचा नाही. पिस्टनला व्हॉल्व्ह भेटलाय.

दोन फेऱ्या झाल्या. पोरगा वाकून बघतो आणि त्याचा चेहरा पडतो.

"दादा, बेल्टवरच्या पांढऱ्या रेघा कुठल्या कुठे गेल्या."

"जाणारच. बेल्ट काय दोन फेऱ्यांत जागेवर येतो होय? लोखंडावरची खूण बघ."

क्रँकची खाच रेघेसमोर. कॅमचा ठिपका ठिपक्यासमोर. तो पुन्हा वाकून बघतो, या वेळी टॉर्च घेऊन.

(कव्हरं, पुली, माउंट, चाक: वेगाने.)

उरलेलं काम उलट क्रमाने. कूलंट गाडीला लागतो तोच, डिस्टिल्ड वॉटरबरोबर, सावकाश ओतायचा. हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन चालू द्यायचं, बुडबुडे निघू द्यायचे. वरचा होज गरम झाला म्हणजे थर्मोस्टॅट, कूलंटची रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप, उघडला. आज पातळी बरोबर दिसली तरी दुसऱ्या दिवशी थंड इंजिनावर एकदा पाहायची. अडकलेली हवा रात्रीत निघते आणि पातळी बोटभर खाली जाते.

(चावी फिरते. इंजिन पहिल्या झटक्यात लागतं.)

मिस्त्री बॉनेटवर हात टेकवून थोडा वेळ नुसते ऐकत राहतात. मग खिशातून जाड मार्कर काढतात आणि प्लास्टिकच्या कव्हरवर तारीख घालतात. आकडा विचारतात. पोरगा आत वाकून मीटर वाचतो, चुकतो, पुन्हा वाचतो. तारखेखाली किलोमीटरचा आकडा उतरतो आणि त्याखाली लहान अक्षरात: "पंप पण."