गाडीचा पार्ट ऑनलाइन घेताय? आधी जुनं बिल शोधा

नमस्कार मंडळी! हेडलाइटचा व्हिडिओ टाकल्यापासून कमेंटमध्ये रांग लागलीय. "दादा, ही लिंक बघा, ओरिजिनल आहे का?" अहो, लिंक बघून मी काय सांगणार? फोटो कंपनीच्याच साइटवरून उचललेला असतो, म्हणजे फोटो शंभर टक्के ओरिजिनल! खोक्यात काय निघेल ते देव जाणे.

सोप्या गोष्टी पटापट उरकतो. पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही. रिफंडसाठी क्यूआर स्कॅन करा म्हणाला की फोन ठेवायचा. "मी फौजी आहे, बदली झालीय, अलॉय व्हील स्वस्तात काढतोय" म्हणत कुणी आर्मीचं कार्ड पाठवलं, तर एक रुपया ॲडव्हान्स द्यायचा नाही. पैसे गेलेच तर लगेच 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावायचा, घरच्यांना काय सांगू याचा विचार नंतर. झालं.

आता मुद्द्याचं. पार्ट नंबर, म्हणजे कंपनीने त्या पार्टला दिलेला नंबर. मागच्या व्हिडिओत सांगितलं तर एकाने लिहिलं, "हे बोअर आहे, डायरेक्ट स्वस्त साइट सांगा." नाही सांगणार.

"स्विफ्टचा हेडलाइट" असा एक पार्टच नाही हो. भारतात स्विफ्ट आली 2005 ला, मग 2011, 2018 आणि 2024 ला नवी पिढी. त्यात हॅलोजन वेगळा, प्रोजेक्टर वेगळा, डावा-उजवा वेगळा. आणि डावा म्हणजे गाडीत बसल्यावरचा डावा. क्लीनर साइड. गाडीसमोर उभं राहून डावा-उजवा ठरवणारे दर आठवड्याला भेटतात, आणि त्यात फसवणूक कुणाचीच नसते, तरी पार्सल परत जातं.

हा नंबर मिळतो कुठे? डॅशबोर्डच्या कप्प्यात सर्व्हिस सेंटरची जुनी बिलं कोंबलेली असतात ना, ती काढा. बदललेल्या प्रत्येक पार्टसमोर त्याचा नंबर छापलेला असतो. तो पार्ट कधी बदललाच नसेल तर जुन्या पार्टवर बघा, स्टिकर किंवा कोरलेला आकडा सापडतो. तेही नाही, तर आरसी घेऊन कंपनीच्या पार्ट्स काउंटरवर जा. आरसीवरच्या 17 अक्षरी चासी नंबरवरून ते काढून देतात. "काउंटरवाला सांगत नाही दादा." एखादा ऑइल फिल्टर विकत घ्या त्याच्याकडून, मग गोड बोलतो.

बरं, नंबर मिळाला. आता इथे सगळे चुकतात. तो विक्रेत्याला सांगायचा नाही! तुम्ही नंबर सांगितलात की तो म्हणणार, "हो सर, सेम तोच आहे." म्हणणारच. त्याला फक्त मॉडेल, व्हेरियंट, महिना-वर्ष सांगा आणि म्हणा, "खोक्यावरच्या लेबलचा फोटो पाठवा, शेजारी कागदावर आजची तारीख लिहून." ज्याच्याकडे माल आहे त्याला हे दोन मिनिटांचं काम. ज्याच्याकडे नाही, तो "गोडाऊन बंद आहे", "आमच्यावर विश्वास नाही का" सुरू करतो.

माझ्या मेव्हण्याने डिझायरच्या ब्रेक पॅडसाठी असाच फोटो मागवला. फोटो आला. लेबलवरचा नंबर मेव्हण्याच्या बिलातल्या नंबराशी जुळत नव्हता, आणि झूम केलं तर त्या लेबलखालून दुसऱ्या लेबलची निळी कड दिसत होती. पॅकिंगचा महिना तर खरवडलेला. ब्रेक पॅड आहेत हो, सीट कव्हर नाही! घाटात त्यावर सगळं कुटुंब असतं.

तिसरं, भाव. नंबर हातात असला की त्याच नंबराची एमआरपी काउंटरवर विचारता येते. थोडी सूट कुणीही देईल. पण 4000 ची वस्तू 900 ला "जेन्युइन" म्हणून कोण देतो? लोकल चालणार असेल तर लोकल म्हणूनच घ्या ना, चांगल्या नावाचं घ्या, माझी काही हरकत नाही. लोकल पार्ट जेन्युइनच्या खोक्यात घालून विकतात, राग त्याचा आहे. एक मात्र, एअरबॅग ऑनलाइन घेऊच नका. त्यावर चर्चा नाही.

जुन्या मालाची गंमत वेगळी. इंजिन, गिअरबॉक्स लोक दिल्लीहून मागवतात, कारण कुर्ल्यात म्हणे महाग. अर्धे पैसे आधी, मग व्हॉट्सॲपवर बिल्टीचा, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीचा फोटो, मग दोन दिवसांनी फोन, "माल नाक्यावर अडकलाय, जकात भरा." अरे, कसली जकात? 1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि मुंबईतली जकातसुद्धा बंद झाली! बिल्टी आली की ट्रान्सपोर्टवाल्याचा नंबर स्वतः शोधून फोन करा, बिल्टीवर छापलेल्या नंबरावर नको, तिथे त्याचाच भाऊ उचलतो. बिलावरचा जीएसटी नंबर सरकारी पोर्टलवर टाकून बघा, दुकानाचं नाव येतं. पहिले दोन आकडे राज्याचे असतात. दिल्ली 07, महाराष्ट्र 27. दुकान दिल्लीत काश्मिरी गेटला आणि नंबर 27 ने सुरू होतोय, तर आधी त्याला त्याचं कारण विचारा.

टायर घेताना बाजूवर चार आकडे बघा. 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. "एकदम नवीन स्टॉक" म्हणून असले टायर येतात. पार्सल फोडताना व्हिडिओ काढा, कुरिअरच्या लेबलपासून सुरू करून, मध्ये न थांबता.

आणि हो, कमेंटमध्ये आरसीचे फोटो टाकू नका, मी डिलीट करत बसतो. माझा फोटो लावून कुणीतरी तुमच्या कमेंटखाली "पार्ट स्वस्तात मिळेल, व्हॉट्सॲप करा" असं लिहितोय. तो मी नाही. मी कुणालाही पार्ट विकत नाही. दिसला की रिपोर्ट करा.